सुगंधी तेलाचा उतारा ते आयसी५०: औषधी वनस्पतींवर काम करताना पायऱ्या कुठे चुकतात आणि त्या नीट कशा करायच्या

क्लेव्हेंजरने (पाला पाण्यात उकळून वाफेबरोबर तेल काढणाऱ्या काचेच्या उपकरणाने) तेल काढायचं, जीसी-एमएसला (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवायचं, डीपीपीएच चाचणी (या रंगीत द्रव्याचा रंग किती उतरतो त्यावरून अँटिऑक्सिडंट क्रिया मोजणारी) करायची, आयसी५० (रंग निम्म्यावर आणणारी संहती) लिहायचा. औषधी वनस्पतींवरच्या बहुतेक प्रकल्पांचा हा ठरलेला मार्ग. तरी एकाच वनस्पतीचे दोन प्रयोगशाळांतले आकडे एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. जाती-प्रकार आणि हंगाम यांमुळे फरक पडतो हे खरं, पण माझ्या पाहण्यात त्याहून मोठा वाटा हाताळणीचा असतो: पाला कसा वाळवला, ओलावा कसा मोजला, ब्लँक (वजा करण्यासाठीचं तुलनेचं द्रावण) कोणता घेतला, संहती (द्रावणातलं प्रमाण) कुठली लिहिली. यंत्र बिघडलं तर लगेच लक्षात येतं. या चुका मात्र छापून येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे ज्या क्रमाने काम करायचं.

## १. आधी ठरवा: तेल हवं आहे की अर्क?

वाफेबरोबर जे उडतं तेच सुगंधी तेलात येतं: मोनोटर्पीन, सेस्क्विटर्पीन, त्यांचे अल्कोहोल, अल्डिहाइड, एस्टर, आणि युजेनॉल किंवा थायमॉलसारखे छोटे फिनॉल. फ्लेव्होनॉइड, टॅनिन, रोझमॅरिनिक आम्ल ही मंडळी वाफेबरोबर येत नाहीत. ती पाल्यात आणि फ्लास्कच्या पाण्यात राहतात.

हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही "तेलातील फ्लेव्होनॉइडमुळे अँटिऑक्सिडंट क्रिया दिसली" हे वाक्य प्रबंधांत वारंवार येतं. तेलाची क्रिया तेलातल्या घटकांनीच समजवावी लागते. अर्काची क्रिया सांगायची असेल तर अर्क वेगळा करावा लागतो, आणि त्यासाठी पाला सुरुवातीलाच वेगळा काढून ठेवावा लागतो.

तपासा: गोळा केलेल्या मालाचे चार भाग झाले का? हर्बेरियमसाठी (ओळखीसाठी दाबून जपलेला नमुना) एक, ओलाव्यासाठी एक, तेलासाठी एक, अर्कासाठी एक. पुढे जाऊन "थोडा पाला शिल्लक आहे, त्याचाच अर्क करू" असं झालं की तुलना संपली.

तेल काढून उरलेल्या फ्लास्कमधल्या पाण्याला वनस्पतीचा अर्क म्हणू नका. ते तीन तास उकळलेलं पाणी आहे. त्याचा अभ्यास जरूर करा, पण त्याच नावाने.

## २. गोळा करणे आणि ओळख पटवणे

फुलोऱ्यावरची फांदी, शक्य असेल तर फळासह, दाबून हर्बेरियम शीट करा. वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि शीटचा क्रमांक वहीत लिहा. नुसत्या पाल्यावरून तुळशीच्या कुळातल्या जाती ओळखायला जाऊ नका. एकाच जातीतही रासायनिक प्रकार असतात: दिसायला सारखी झाडं, पण एकात युजेनॉल मुख्य तर दुसऱ्यात मिथाइल युजेनॉल. दुसऱ्यात फिनॉलचा हायड्रॉक्सिल गटच झाकलेला असतो, त्यामुळे डीपीपीएचमध्ये दोघांचे आकडे फार वेगळे येतात.

तारीख, वेळ, झाडाची अवस्था आणि घेतलेला भाग त्याच दिवशी लिहून ठेवा. एका झाडाचा पाला तीनदा मोजला तर त्याला तीन नमुने म्हणत नाहीत. तीन वेगळ्या झाडांचा, किंवा तीन वेगळ्या वेळी गोळा केलेला माल हवा. हे आत्ता ठरलं नाही तर शेवटी आकडेवारी कितीही नटवली तरी उपयोग होत नाही.

## ३. वाळवणे आणि ओलावा मोजणे

उतारा, म्हणजे मालाच्या मानाने मिळालेलं तेल, इथेच सर्वाधिक बिघडतो, म्हणून जरा थांबतो.

पुदिना-तुळशीच्या कुळात तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. पान चोळलं की वास येतो तो या ग्रंथी फुटल्यामुळे. आता हाच पाला उन्हात पसरला किंवा ६० अंशाच्या ओव्हनमध्ये टाकला, तर तुम्ही ऊर्ध्वपातन आधीच सुरू केलंत, फक्त तेल हवेत गेलं.

पाला सावलीत, हवा खेळती ठेवून, एकेरी थरात वाळवा. ड्रायर वापरायचाच असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. पान हातात मोडलं की कडकन तुटलं पाहिजे, पण रंग हिरवा राहिला पाहिजे. तपकिरी पडला तर तो माल बाजूला ठेवा.

वाळलेला पाला कुटून ठेवू नका. तो अख्खाच ठेवा आणि ऊर्ध्वपातनाच्या आधी हाताने चुरा. ओवा, धने, बडीशेप यांची गोष्ट वेगळी: त्यांचं तेल आतल्या नलिकांमध्ये असतं, म्हणून ती भरडावीच लागतात, पण फ्लास्कमध्ये टाकण्याच्या अगदी आधी. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, म्हणून थांबून थांबून फिरवा. खोलीभर घमघमाट सुटला तर तेवढं तेल मोजणीतून गेलं समजा.

ओलावा १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये मोजू नका. त्या तापमानाला पाण्याबरोबर तेलही उडतं आणि घटलेलं सगळं वजन पाण्याच्या खात्यात जमा होतं. तेल भरपूर असलेल्या मालासाठी टोल्यूइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळं मोजण्याची डीन-स्टार्क पद्धत योग्य.

ओलावा का हवा ते पाहा. समजा १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ७५ टक्के पाणी आहे आणि ०.५ मिलि तेल मिळालं. ताज्या वजनावर उतारा ०.५ टक्के. कोरड्या वजनावर तेच तेल २५ ग्रॅमचं, म्हणजे २ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण कोणता लिहिला हे सांगितलं नाही तर चौपट फरकाचा घोळ होतो.

## ४. ऊर्ध्वपातन

क्लेव्हेंजरने १९२८ साली मांडलेलं उपकरण थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. पायऱ्या अशा:

१. काचेचे सगळे सांधे धुऊन, शेवटी अ‍ॅसिटोनने खळबळून वाळवा. आधीच्या वनस्पतीचा वास येत असेल तर नुसतं पाणी तासभर उकळून घ्या.

२. सांध्यांना सिलिकोन ग्रीस लावू नका. ते तेलात उतरतं. सांधा घट्ट बसत नसेल तर टेफ्लॉनची बाही वापरा.

३. माल तोलून फ्लास्कमध्ये घाला. १०० ग्रॅम वाळलेल्या पाल्याला साधारण १ लिटर पाणी पुरतं. फ्लास्क दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. उकळी उसळू नये म्हणून पोर्सलीनचे तुकडे आधीच टाका. गरम पाण्यात नंतर टाकले तर सगळं एकदम उसळून वर येतं.

४. मोजनळीत पाणी भरा, कंडेन्सरचं पाणी सुरू करा, आणि मगच मँटल (फ्लास्क तापवणारी विजेची शेगडी) लावा. हा क्रम उलटला तर पहिली, सगळ्यात हलकी वाफ निसटून जाते.

५. उकळी फुटली की तिथून वेळ मोजा, मँटल लावल्यापासून नाही. मिनिटाला २ ते ३ मिलि पाणी ठिबकेल एवढीच आच ठेवा. कंडेन्सरच्या वरच्या तोंडाशी वास येऊ लागला तर आच जास्त आहे किंवा थंड पाणी कमी आहे.

६. तीन तास चालवा. तासाभरात तेल वाढायचं थांबल्यासारखं वाटतं आणि लोक बंद करतात. पण आधी मोनोटर्पीन येतात, सेस्क्विटर्पीन मागाहून. लवकर थांबलात तर उताराच नाही, तेलाची घडणही बदलते. दर अर्ध्या तासाने नळीवरचा आकडा लिहा. तीन तास झाल्यावर लागोपाठ दोन नोंदी सारख्या आल्या की पुरे.

फार लांबवणंही बरं नाही. लिनालिल अ‍ॅसिटेटसारखे एस्टर उकळत्या पाण्यात तुटतात. कॅमोमाइलच्या तेलाचा निळा रंग तर फुलात नसतोच: मॅट्रिसिनपासून कॅम्झुलीन ऊर्ध्वपातनातच तयार होतं. म्हणून किती वेळ चालवलं ते लिहिल्याशिवाय तेलाचं वर्णन पुरं होत नाही.

सावधान, तेल जड असेल तर. लवंगेच्या तेलाची घनता १.०४ ते १.०७, म्हणजे पाण्यापेक्षा जास्त. माझ्या लवंगेच्या पहिल्या बॅचला तीन तास झाले तरी नळीत वर जेमतेम चकाकी दिसत होती. उतारा कमी म्हणून मी नोंद केली. उपकरण सोडताना परतनळीच्या वळणात पिवळट थेंब ओळीने बसलेले दिसले. तेल खाली बुडून पाण्याबरोबर पुन्हा फ्लास्कमध्ये जात होतं. लवंग, दालचिनी अशा मालाला जड तेलासाठीची मोजनळी लावा. फक्त उतारा मोजायचा असेल तर नळीत आधी मोजून ०.५ मिलि झायलिन घालण्याची पद्धत आहे. तेल त्यात विरघळून वर राहतं आणि शेवटी झायलिनचं आकारमान वजा करायचं. मात्र ते तेल जीसीला किंवा अँटिऑक्सिडंट चाचणीला चालत नाही.

## ५. तेल काढणे, सुकवणे, ठेवणे

आच बंद केल्यावर निदान अर्धा तास थांबा, तेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच आकारमान वाचा. तेल काचेच्या कुपीत काढा, निर्जल सोडियम सल्फेट चिमटीने टाका. पहिली चिमूट गोळा होऊन बसते. दाणे सुटे फिरू लागले की पाणी संपलं. वरचं तेल पाश्चर पिपेटने काढून तोला आणि वजनावरचा उताराही लिहा. पुढच्या सगळ्या चाचण्या वजनावर चालतात.

तेलात पाणी राहिलं म्हणून किंवा हेक्सेन घालून काढलं म्हणून ते रोटाव्हॅपला (कमी दाबावर द्रावक उडवणाऱ्या यंत्राला) लावू नका. हेक्सेनबरोबर पायनीन आणि लिमोनीनही जातात. नायट्रोजनचा मंद झोतही जपूनच.

तपकिरी कुपी, वरपर्यंत भरलेली, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण, ४ अंश तापमान. कुपीवर काढल्याची तारीख हवीच. हवा लागलेल्या लिमोनीनमध्ये हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि जुन्या तेलाची चाचणी म्हणजे वेगळ्याच पदार्थाची चाचणी.

तपासा: फ्रिजमधून काढलेल्या कुपीत तळाला खडे दिसतात का? ओव्याच्या तेलात हमखास दिसतात. ते थायमॉल असतं, साधारण ५० अंशाला वितळणारं. वरचं पातळ तेल उपसून चाचणी केली तर सर्वांत सक्रिय घटकच तळाशी राहिला. झाकण घट्ट ठेवून कोमट पाण्यात कुपी धरा, खडे पूर्ण विरघळू द्या, हलवा, मग नमुना घ्या.

## ६. जीसी-एमएस: नाव लावण्याआधी

तेल हेक्सेनमध्ये शंभरपट पातळ करा. पाच टक्के फिनाइल असलेला ३० मीटरचा कॉलम आणि ६० ते २४० अंश, मिनिटाला ३ अंश हा कार्यक्रम बहुतेक तेलांना चालतो. त्याच कार्यक्रमावर सरळ साखळीच्या अल्केनचं मिश्रण चालवा आणि प्रत्येक शिखराचा धारण-निर्देशांक (अल्केनच्या तुलनेत तो घटक कॉलममधून केव्हा बाहेर येतो तो आकडा) काढा.

यंत्राच्या संग्रहाने "९६ टक्के जुळतं" सांगितलं म्हणजे ओळख पटली असं नाही. मोनोटर्पीन सगळे १३६ वस्तुमानाचे, सेस्क्विटर्पीन २०४ चे, आणि त्यांचे वर्णपट भावंडांसारखे सारखे दिसतात. वर्णपट आणि निर्देशांक दोन्ही जुळले तरच नाव लिहा. एक जुळलं तर "बहुधा" लिहा.

वस्तुमानाच्या वर्णपटात ७३, २०७, २८१ हे आकडे ठळक दिसले तर ते सिलिकोन आहे: कॉलम, सेप्टम किंवा तुमचं ग्रीस. १४९ दिसला तर प्लॅस्टिकमधलं थॅलेट. औषधी वनस्पतीचा नवा घटक म्हणून थॅलेट छापलेले मी पाहिले आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून काच वापरा.

टक्केवारी शक्यतो एफआयडीच्या (जीसीच्या ज्योत-शोधकाच्या) शिखरांच्या क्षेत्रफळावरून द्या.

## ७. अर्क आणि एकूण फिनॉल

वेगळ्या काढलेल्या पाल्याची भुकटी १० ग्रॅम, ८० टक्के मिथेनॉल १०० मिलि, २४ तास हलवत ठेवा, गाळा, ४० अंशाच्या आत आटवा, उतारा तोला.

एकूण फिनॉल मोजणाऱ्या फोलिन-सिओकाल्टो चाचणीत क्रम महत्त्वाचा. आधी नमुना २० मायक्रोलिटर आणि पाणी १.५८ मिलि, मग फोलिन १०० मायक्रोलिटर, नीट मिसळून जास्तीत जास्त ८ मिनिटांत २० टक्के सोडियम कार्बोनेट ३०० मायक्रोलिटर. दोन तासांनी ७६५ नॅनोमीटरला रीडिंग. कार्बोनेट आधी घातलं तर अल्कलीत फोलिन टिकत नाही आणि आकडा खाली येतो. व्हिटॅमिन सी आणि क्षपणकारी शर्कराही याला रंग देतात, त्यामुळे फळांच्या अर्कात हा आकडा फुगतो.

एकक तपासा. अर्काच्या ग्रॅममागे ८० मिग्रॅ गॅलिक आम्ल-तुल्य आणि अर्काचा उतारा १५ टक्के, तर कोरड्या वनस्पतीच्या ग्रॅममागे १२ मिग्रॅ. दुसऱ्याच्या निष्कर्षाशी तुलना करताना दोघांचं एकक एकच आहे ना, ते पाहा.

## ८. डीपीपीएच

द्रावण. डीपीपीएचचा रेणुभार ३९४.३. थेट ०.१ मिलिमोलरच्या १०० मिलिसाठी ३.९४ मिग्रॅ तोलायला गेलात तर काट्याची चूकच मोठी पडते. त्याऐवजी १९.७ मिग्रॅ तोलून ५० मिलि मिथेनॉलमध्ये १ मिलिमोलर द्रावण करा आणि वापरताना दहापट पातळ करा. स्फटिक हट्टी असतात, सोनिकेटरमध्ये पूर्ण विरघळू द्या. बाटलीला फॉइल गुंडाळा, त्याच दिवशी वापरा.

मिश्रण. नमुन्याचं मिथेनॉलमधलं द्रावण १ मिलि आणि डीपीपीएच ३ मिलि. कंट्रोल म्हणून मिथेनॉल १ मिलि आणि डीपीपीएच ३ मिलि. ५१७ नॅनोमीटरला कंट्रोलचं शोषण ०.८ ते ०.९ च्या आसपास हवं. फारच कमी असेल तर डीपीपीएच जुनं आहे किंवा पूर्ण विरघळलेलं नाही. पुढे जाऊ नका.

नमुन्याचा ब्लँक. प्रत्येक संहतीसाठी नमुना १ मिलि आणि नुसतं मिथेनॉल ३ मिलि. हा सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा. हिरव्या-तांबूस अर्काला स्वतःचा रंग असतो, तेल पूर्ण न विरघळल्यास गढूळपणा येतो आणि यंत्र दोन्ही शोषण म्हणूनच मोजतं. समजा कंट्रोल ०.८६०, नमुना ०.४९२, नमुन्याचा ब्लँक ०.०४०. ब्लँक वजा करून येतात ४७.४ टक्के, न करता ४२.८.

तपासा: मिश्रण उजेडासमोर धरा. काठाशी दुधी झाक दिसली तर ती संहती सोडून द्या.

वेळ. अर्धा तास अंधारात ठेवायचं हे सगळे पाठ म्हणतात. व्हिटॅमिन सीचं काम पहिल्या काही मिनिटांतच उरकतं, युजेनॉल आणि थायमॉल सावकाश चालतात. एका मधल्या संहतीवर ५, १५, ३०, ६० आणि ९० मिनिटांना रीडिंग घेऊन पाहा. ३० नंतरही आकडा उतरत असेल तर तुमच्या तेलासाठी ३० मिनिटं हा मुक्काम नव्हे. स्थिरावतो ती वेळ घ्या आणि ती लिहा.

पॉलिस्टायरीनच्या क्युवेट आणि प्लेट लिमोनीनसारख्या टर्पीनने धुरकट होतात, म्हणून काच वापरा. क्युवेटवर झाकण ठेवा: मिथेनॉल उडालं की संहती वाढते, आणि प्लेटमध्ये तेलाची वाफ शेजारच्या खान्यात जाते.

ट्रोलॉक्स (तुलनेसाठीचं प्रमाणित अँटिऑक्सिडंट) किंवा व्हिटॅमिन सी प्रत्येक दिवशी, त्याच द्रावणावर चालवा. मागच्या महिन्याचा प्रमाणित आकडा आज वापरू नका.

एकाच चाचणीवर विसंबू नका. एबीटीएस (रंग उतरण्यावरच चालणारी दुसरी चाचणी) जोडायची असेल तर ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट १२ ते १६ तास अंधारात ठेवावं लागतं, मग पातळ करून ७३४ नॅनोमीटरला ०.७० वर आणायचं. म्हणजे तयारी आदल्या संध्याकाळी.

## ९. आयसी५० काढताना

डीपीपीएचचा रंग निम्म्यावर आणायला लागणारी संहती म्हणजे आयसी५०. यात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली: कुपीतली संहती लिहिणं. १ मिलि नमुना ४ मिलिमध्ये गेला, म्हणजे क्युवेटमधली संहती एक चतुर्थांश. मिलिलिटरमागे ४०, ८०, १६०, ३२०, ६४० मायक्रोग्रॅमची द्रावणं क्युवेटमध्ये १०, २०, ४०, ८०, १६० होतात.

दुसरी: सगळ्या बिंदूंतून सरळ रेषा. समजा या पाच संहतींना १२, २३, ४१, ६३ आणि ७९ टक्के आले. एक्सेलमध्ये सरळ रेषा टाकली तर आयसी५० सुमारे ७७ निघतो. पण वक्र ४० आणि ८० च्या मध्ये पन्नाशी ओलांडतो, आणि संहतीचा लॉग घेऊन त्या दोन बिंदूंमधून काढलं तर उत्तर येतं सुमारे ५३. वर वाकत सपाट होणाऱ्या वक्रावर सरळ रेषा बसवली की असंच होतं. शक्य असेल तर सिग्मॉइड (एस-आकाराचा) वक्र बसवा, नाहीतर निदान पन्नाशीच्या दोन्ही बाजूंचे बिंदू जवळजवळ घ्या.

सावधान: सर्वांत जास्त संहतीलाही ३५ टक्केच आले तर रेषा पुढे ओढून आयसी५० काढू नका. "तपासलेल्या संहतीपर्यंत ५० टक्के गाठले नाहीत" असं लिहा. लिमोनीन-पायनीन मुख्य असलेल्या तेलांत हे बहुतेकदा होतं आणि तो अपयशाचा निष्कर्ष नाही.

## १०. तक्त्यात काय काय हवं

वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि हर्बेरियम क्रमांक, भाग व अवस्था, वाळवण्याचं तापमान, ओलाव्याची पद्धत, उतारा कोणत्या वजनावर, किती तास ऊर्ध्वपातन, तेल काढल्याची आणि चाचणीची तारीख, डीपीपीएचची अंतिम संहती, वेळ, नमुन्याचा ब्लँक घेतला का, त्याच दिवसाच्या ट्रोलॉक्सचा आकडा, किती झाडं आणि प्रत्येकी किती मोजण्या. डीपीपीएचची संहती वगळू नका, कारण ती बदलली की त्याच तेलाचा आयसी५० बदलतो.

शेवटचं एक काम तक्ता भरल्यावर करा. मुख्य घटक शुद्ध स्वरूपात आणून, तेलात तो जितका आहे तितक्याच प्रमाणात, त्याच दिवशी डीपीपीएचला लावा. तेलाचा आणि त्याचा आकडा जवळ आला तर क्रिया कुणाची ते कळलं. दूर राहिला तर जीसीच्या यादीतल्या छोट्या शिखरांकडे परत जा, आणि आधी कुपीच्या तळाला खडे नव्हते ना, ते पाहा.